उघडी पेटी आणि बंद पेटी

आमच्या खादी संस्थेत एक नियम होता. कोणतंही यंत्र आवारात आलं की ते आधी सुतारकाकांकडे जायचं. त्यांनी ते पूर्ण उघडायचं, आत काय आहे ते पाहायचं, पुन्हा जोडायचं आणि चालवून दाखवायचं. जमलं तर यंत्र राहायचं, नाही जमलं तर परत जायचं. गावच्या सुताराला जे दुरुस्त करता येत नाही ते यंत्र गावाचं मालक होऊन बसतं, असं कारण सांगत. या नियमापायी आम्ही एक पिठाची गिरणी आणि दोन भिंतीवरची घड्याळं परत पाठवली होती. शिलाई मशीन राहिली. कोणी भेट दिलेला रेडिओ काकांनी उघडला, जोडला, आणि त्यानंतर तो उलटा ठेवला तरच वाजायचा. तोही राहिला.

संस्था वर्ध्याबाहेर, बोरगाव मेघेच्या अंगाला होती. नाव सांगत नाही. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा मी तिथे आले. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. रोहण्याला भावाकडे दोन वर्षं काढली. वहिनी रोज भांडी आपटून दाखवायची, म्हणून निघाले. शाळा चौथीपर्यंत. संस्थेने चरखा दिला, राहायला खोली दिली. पंधरा-सोळा वर्षं सूत काढलं. मग डावा खांदा धरला. कातताना उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हाताने कापसाचा पेळू मागे ओढत वर न्यायचा असतो. माझा डावा हात छातीच्या वर जाईना. धागा वीतभर निघे आणि तुटे.

संस्थेच्या सचिवाला आमच्याकडे मंत्रीजी म्हणत. त्यांनी मला बोलावून सांगितलं की जो कातत नाही त्याला खोली देता येत नाही, तसा नियम आहे. तरी दिवाळीपर्यंत राहा. म्हणजे दिवाळीनंतर रोहणा, आणि वहिनीची भांडी. भावाला तसं कळवूनही टाकलं.

त्याच पावसाळ्यात संस्थेत दोन कॉम्प्युटर आले. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. वर्ध्यात तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली असती आणि त्यातली निम्मी खोटं बोलत असावीत.

पहिला मंत्रीजींच्या पुतण्याने नागपूरहून आणला. पोरगा इंजिनिअर होता. वेगवेगळ्या ठिकाणांहून भाग गोळा करून त्याने तो स्वतः जोडला होता. दुसरा आमच्या ड्रॉइंग मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विदेशातून धाडला. मास्तर निवृत्त होते आणि संस्थेच्या समितीवर होते. त्या पेटीसोबत वीज कमी करणारा एक लोखंडी ठोकळाही आला. तो पेटीपेक्षा जड होता.

दोन्ही पेट्या एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर ठेवल्या. पहिल्या दिवसापासून पुतण्या आणि मास्तर भांडायला लागले.

पुतण्याचं म्हणणं, माणसाला आत काय आहे ते दिसलं पाहिजे. त्याच्या पेटीला झाकण होतं, पण तो ते लावतच नसे. आत हिरव्या पाट्या उभ्या खोचलेल्या. एका कारखान्याची पाटी काढा, दुसऱ्याची खोचा, पेटीची काही तक्रार नाही. बैलबंडीला कोणत्याही गावचं चाक लागतं तसं, असं तो म्हणे.

मास्तरांचं म्हणणं बरोबर उलटं. वापरणाऱ्याला आतलं दिसताच कामा नये, त्याला फक्त आपलं काम दिसलं पाहिजे. त्यांची पेटी मांडीवर पोर घ्यावं एवढी. पडदा आणि यंत्र एकाच अंगात, वर उचलायला खाच, आणि झाकण म्हणून काही नाहीच.

"जेवणाऱ्यानं स्वयंपाकघरात कशाला डोकवायचं?" मास्तर म्हणाले.

"अन् भाजीत पाल पडली तं?" पुतण्या म्हणाला.

दोघांपैकी एकही आयुष्यात चुलीपुढे बसलेला नव्हता. मी तसं बोलून दाखवलं. तेवढ्यापुरते दोघं एका बाजूला झाले.

सुतारकाकांनी उघडी पेटी दहा मिनिटांत सुटी केली आणि वीस मिनिटांत जोडली. तीन स्क्रू उरले. तरी पेटी चालली. पुतण्या म्हणाला, हेच तर तिचं मोठेपण. बंद पेटीला काकांनी चारही बाजूंनी हात फिरवून पाहिला. वरच्या खाचेत, वीतभर खोल, दोन स्क्रू होते आणि त्यांच्या डोक्यावर चांदणीसारखी खूण होती. तसे स्क्रू काढायचा पेचकस वर्ध्यात मिळेना. मास्तर म्हणाले, ते उघडण्यासाठी नाहीतच. काका म्हणाले, "मंग लावले काऊन?"

नियमाने बंद पेटी त्या दिवशीच परत जायची. पण मास्तर समितीवर होते. मंत्रीजींनी मधला रस्ता काढला. चौथी शिकलेल्या कातणाऱ्या बाईला पंधरा दिवसांत जी पेटी चालवता येईल ती गावाची पेटी. आणि अशी बाई कोण, जी सध्या कातत नाही? जमलं तर त्या बाईने पेटीवर काम करावं आणि खोलीत राहावं.

"अन् एकबी नाई जमली तं?" मी विचारलं.

"तर तिन्ही परत," मंत्रीजी म्हणाले.

सकाळी पुतण्या शिकवायचा, दुपारी मास्तर. दुसऱ्याच्या वेळेत खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा दोघांचा करार झाला.

उघडी पेटी चालू केली की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची, मग एक लहानशी रेघ लुकलुकत बसायची. बस. पुढे काहीच नाही. काय करायचं ते ती सांगत नाही. तुम्ही बरोबर शब्द बोललात तर काम करते, चुकलात तर तुमचंच बोलणं वाईट आहे असं सांगते आणि पुन्हा लुकलुकते. मला नवीन लग्न झाल्यावरची माझी सासू आठवली. तीही अशीच ओसरीवर बसून राहायची. काय हवंय ते आपण ओळखायचं.

इंग्लिश अक्षरं मला येत नव्हती. पुतण्याने वहीत सव्वीस अक्षरं काढून दिली आणि खाली मराठीत नावं लिहिली. डी, आय, आर दाबलं की आतली यादी बाहेर येते. त्याने सरावाला आमच्या कताई केंद्रांच्या गावांची नावं टाकायला लावली. आर, ओ, एच, एन, ए म्हणजे रोहणा. तळेगावला फार अक्षरं लागत. मी एकेक नाव नक्षीसारखं पाठ केलं. पाचव्या दिवशी तेवीस गावं झाली. पुतण्या मधूनच पेटीत हात घालून काही हलवायचा आणि म्हणायचा, "मावशी, समजून घेजो, कसं चालते थे." मी म्हटलं, मला गावं टाकायची आहेत, पेटीचं बाळंतपण करायचं नाही. त्याला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला एका पाटीचं नाव पाठ करायला दिलं.

बंद पेटीचं सगळं वेगळं. ती चालू झाली की पडद्यावर तिचंच लहान चित्र हसायचं. मग पांढराशुभ्र पडदा, सारवलेल्या अंगणासारखा. त्यावर कागदांची चित्रं, फायलींची चित्रं, आणि खालच्या कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र. हातात एक लहान ठोकळा द्यायचे, त्याला वायरचं शेपूट. तो टेबलावर सरकवला की पडद्यावरचा बाण सरकायचा. डाव्या खांद्याला काही काम नाही, उजवं मनगट हललं की झालं. मास्तरांनी एकच वाक्य शिकवलं: दिसतं तसं करा.

मी दिसलं तसं केलं. अंगणात पसारा होता, डबा होता. पहिल्याच दुपारी सगळी चित्रं उचलून डब्यात टाकली. अंगण लख्ख झालं. मास्तर आले आणि खुर्चीत बसले. माझं काही चुकलं नाही, असं त्यांनीच नंतर कबूल केलं. नुसत्या टाकण्याने काही जात नाही म्हणून त्यांनी एकेक चित्र डब्यातून बाहेर काढलं.

पण पुढे एक गोष्ट निघाली तिने माझं डोकं फिरलं. या पेटीत सुपारीच्या डबीएवढी कडक चकती जायची, सगळं लिहिलेलं तिच्यावर राहायचं. उघड्या पेटीची चकती मोठी आणि पातळ, उडदाच्या पापडासारखी. ती खटका उघडून हाताने ओढून काढता येई. बंद पेटीला खटकाच नव्हता. चकती बाहेर कशी काढायची, मी विचारलं. मास्तर म्हणाले, तिचं चित्र उचला आणि कचऱ्याच्या डब्यात टाका.

"जे जपून ठेवायचं थे कचऱ्यात टाकायचं?"

"हो. मग ती बाहेर येते."

"तुमच्या घरी दागिने कुठं ठेवते जी मास्तरीणबाई?"

मास्तर म्हणाले, काही गोष्टी विचारायच्या नसतात. मला तोवर वाटत होतं की ही पेटी सरळ आहे आणि उघडी पेटी आडमुठी. त्या दिवशी कळलं की दोघी आडमुठ्या आहेत, ही फक्त हसून बोलते. उघडी पेटी सासू असेल तर ही मुलाची आई होती, लग्नाच्या बैठकीत समोर बसलेली. ताट गोड, पाहुणचार चोख, आणि आतल्या खोलीत काय चाललंय ते विचारायचं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी पुतण्या यायला उशीर झाला, म्हणून मी बंद पेटीवर जिल्ह्याचा नकाशा काढत बसले. मास्तरांनी नदी काढून दिली होती. मी रस्ता काढत होते. एकदम सगळं थांबलं आणि पडद्यावर एक चौकट आली. चौकटीत बॉम्बचं चित्र. गोल, काळा, वात पेटलेली.

त्या वर्षांत एसटी स्टँडवर पाट्या लावलेल्या असत. बेवारशी रेडिओ, डबा, पेटी दिसली तर हात लावू नका, बॉम्ब असू शकतो. माझ्या समोर विदेशातून आलेली, सुताराला न उघडता आलेली पेटी होती आणि आत काय आहे ते ती स्वतःच सांगत होती. मी उठून पळाले.

पण सव्वाआठ वाजले होते. आठ ते साडेआठ संस्थेत मौन कताई असे. दालनात मंत्रीजींसह सगळे चरख्यावर बसायचे आणि त्या अर्ध्या तासात कोणी बोलायचं नाही. पंधरा-सोळा वर्षांत मी ते मौन मोडलं नव्हतं, एकदा पायावरून साप गेला तेव्हाही नाही. दारात पोचले आणि तोंड उघडेना. बालवाडीची पाटी पडली होती ती उचलली, लिहिलं, "कॉम्प्युटरच्या खोलीत बॉम्ब आहे," आणि मंत्रीजींपुढे धरली.

त्यांनी वाचलं. चाक थांबवलं, पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, "कोणी ठेवला?"

मी लिहिलं, "आतूनच आला."

त्यांनी लिहिलं, "किती वेळ आहे?"

हा प्रश्न बरोबर होता. मी विचार करून लिहिलं, "वात पेटली आहे, पण पुढे सरकत नाही."

मंत्रीजींनी भिंतीवर पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं, ते परत गेलं होतं. त्यांनी कमरेचं घड्याळ काढून पाहिलं आणि लिहिलं, "मग साडेआठला."

पाटी हातोहात फिरली. सगळ्यांनी वाचली. दोघी बायका पेळू खाली ठेवून चवड्यावर चालत बाहेर गेल्या. तिसरी आपला चरखा उचलून घेऊन गेली. बाकीचे कातत राहिले. सुतारकाकांनी पाटी वाचली, तिची फुटकी चौकट पाहिली आणि दुरुस्तीला म्हणून बाजूला ठेवून दिली. मी उंबऱ्यावर उभी होते, आत बसवेना, बाहेर जाववेना. दुखरा खांदा तेवढा खोलीच्या बाजूला ठेवला. जायचाच असेल तर तो जावा.

साडेआठची घंटा झाली. मंत्रीजींनी धागा चातीच्या सळईवर गुंडाळला, चरखा बंद केला आणि म्हणाले, "आता पळा."

सगळे पळाले. चिंचेखाली उभे राहिले. निरोप मिळून पाऊण तासाने मास्तर सायकलवरून आले तेव्हा आम्ही तिथेच होतो. ते आत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. पेटी अडकली की असं चित्र दाखवते, म्हणाले, ती तिची माफी मागायची रीत आहे. मंत्रीजी म्हणाले, बॉम्ब दाखवून माफी कोण मागतं? मास्तर म्हणाले, करणाऱ्यांनी गंमत केली. शब्दांनी माणूस घाबरतो, चित्राने घाबरत नाही, अशी त्यांची समजूत आहे.

पुतण्या तोवर पोचला होता आणि खूश होता. म्हणाला, माझी पेटी अडकली की सरळ विचारते, सोडून देऊ, पुन्हा करू की हार मानू. मी म्हटलं, काल तिने मला तेच सात वेळा विचारलं. तिन्ही उत्तरं देऊन पाहिली, पुन्हा तेच विचारलं. शेवटी बटण बंद केलं.

मंत्रीजींनी हुकूम दिला की बंद पेटी आज उघडलीच पाहिजे. मास्तरांनी हात जोडले. आत पडद्याची वीज साचून राहते, वायर काढली तरी राहते, हात लावू नका. सुतारकाकांनी ऐकून घेतलं. चरख्याच्या एका जुन्या चातीचं टोक त्यांनी कानशीने चांदणीसारखं घासलं, मुठीला बाभळीचं लाकूड बसवलं आणि खाचेत घातलं. दोन्ही स्क्रू निघाले. पाठीचं कवच अलगद मागे आलं.

मग त्यांनी हात लावला. चट्ट असा आवाज झाला आणि काका दोन हात मागे जाऊन जमिनीवर बसले. त्यांनी बोटं मोजली.

"जिवंत हाय थे," ते म्हणाले.

आत बॉम्ब नव्हता. पण कवचाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर कधी जाणार नाही अशा जागी, सह्या होत्या. दहा-वीस नव्हे, बऱ्याच. कवच घडवतानाच उमटवलेल्या. मास्तर एकेक मोठ्याने वाचायला लागले. पेटी करणाऱ्यांची नावं होती ती. बाहेरून हात लावू देत नाहीत, आणि आत मात्र सगळे सही करून बसलेले. पुतण्याने आपली उघडी पेटी आतून-बाहेरून पाहिली. तिच्यावर कोणाचंच नाव नव्हतं. काकांनी कवच पुन्हा बसवलं. एकही स्क्रू उरला नाही. पेटी हसली. नियमाने दोन्ही पेट्या पास झाल्या. उरले मी.

पंधराव्या दिवशी समितीचे सातजण खोलीत बसले. मंत्रीजींनी काम सांगितलं. उघड्या पेटीत तेवीस गावांची यादी आहे, बंद पेटीत जिल्ह्याचा नकाशा आहे. ती गावं या नकाशावर आणा.

पुतण्या म्हणाला, माझी चकती यांच्या पेटीत जात नाही. मास्तर म्हणाले, गेली तरी आमची पेटी तुमचं लिहिलेलं वाचत नाही. एकाने दुसऱ्याच्या पेटीकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने पहिल्याच्या. समितीतले एक वृद्ध सदस्य म्हणाले, जात नसेल तर कापून बसवा. सुतारकाकांनी पापडासारखी चकती घेतली, डबीएवढ्या चकतीवर ठेवली, पेन्सिलीने आखली आणि कात्रीने कापली. खाचेत ती बरोबर बसली. पेटीने आतून दळल्यासारखा आवाज केला आणि तोंडातून घास काढावा तशी बाहेर टाकली. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पुतण्याकडे यादीची दुसरी चकती होती म्हणून वाचलो.

मंत्रीजींनी दोघांना विचारलं, हाताने उतरवता येईल का? पुतण्या म्हणाला, त्या खेळण्याला मी हात लावणार नाही. मास्तर म्हणाले, त्या सांगाड्यापुढे मी बसणार नाही. मंत्रीजींनी माझ्याकडे पाहिलं.

मी दोन टेबलांच्या मधे स्टूल घेतलं. उघड्या पेटीवर डी, आय, आर दाबलं, यादी उघडली. पहिलं गाव पाहिलं, स्टुलावर वळले, बंद पेटीचा शेपटीवाला ठोकळा धरला आणि नकाशावर मराठीत अक्षरं काढली. रोहणा. पुन्हा वळले. तळेगाव. पुन्हा वळले. प्रत्येक गावाला एक गिरकी. पाऊण तास लागला. आर्वीची वेलांटी नदीत गेली, ती तशीच राहू दिली. सातजण मान इकडून तिकडे फिरवत बसले होते. मधे चहा आला, त्यांनी घेतला, मला कोणी विचारलं नाही.

संपल्यावर मंत्रीजींनी नकाशावर बोट ठेवून गावं मोजली. मग म्हणाले, दोन्ही पेट्या ठेवाव्यात. समितीने माना डोलावल्या. या दोघांचं आपसात जमत नाही, तेव्हा मधे एक माणूस लागेल, असं मंत्रीजी म्हणाले; पेट्यांकडे पाहून की माणसांकडे, ते कळलं नाही.

"ताई, हे रोज जमेल?"

"स्टूल फिरतं द्या," मी म्हटलं. "नाई तं आता मान जाईल."

सुतारकाकांनी चरख्याच्या चाकावर पाट बसवून फिरतं स्टूल केलं. आदेश निघाला. त्यात माझ्या हुद्द्याचं नाव नकलनीस असं लिहिलं होतं आणि खाली खोली कायम अशी ओळ होती. पुढची किती तरी वर्षं मी एका पेटीतलं वाचून दुसरीत उतरवत होते. पुतण्या सकाळी येई, मास्तर दुपारी. दोघांचे निरोपही मीच इकडून तिकडे नेई, त्यातल्या शिव्या वगळून.

आदेश हातात आला त्याच दिवशी भावाला पोस्टकार्ड टाकलं. दिवाळीनंतर येत नाही, एवढंच लिहिलं. कार्ड पोचलं त्या दिवशी वहिनीने पुरणपोळी केली, असं भाऊ नंतर सांगत होता.